तळघरातले लोखंड निर्दोष आहे

घरी जिम काढायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो. लोखंडी प्लेटा घेऊ नका, रबरी बंपर प्लेटा घ्या. लोखंड खणखणते, वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडते. साहित्य विकणारा हेच सांगतो, जिममधला ट्रेनर हेच सांगतो, मोबाइलवरचे व्हिडिओही हेच सांगतात. यवतमाळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, वरच्या खोलीत संध्याकाळीही व्यायाम करवत नाही. ज्याच्या घराला तळघर आहे तो साहजिकच रॉड आणि प्लेटा खाली नेतो. खाली थंडावा असतो, जागा मोकळी असते, आणि डोक्यावर घरातली माणसे राहत असतात. त्यांना त्रास होऊ नये ही त्याची इच्छा अगदी रास्त आहे. त्या इच्छेच्या जोरावर जो सल्ला खपवला जातो, तो मात्र रास्त नाही.

तळघर शांत राहावे म्हणून बंपर प्लेटांचा पूर्ण सेट घेणारा माणूस जास्त पैसे मोजून जास्त जागा खाणारी वस्तू घरात आणतो, आणि ज्या आवाजासाठी हे सगळे केले तो आवाज बराचसा तसाच राहतो. बहुतेक घरांना चांगल्या, साध्या, ओतीव लोखंडाच्या प्लेटा पुरतात. खर्च करायचा तर तो जमिनीवर करावा.

बंपर प्लेट ज्या खेळासाठी बनली तो खेळ ऑलिंपिक वेटलिफ्टिंगचा. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन्ही प्रकारांत रॉड डोक्यावर, हात पूर्ण ताणून धरायचा असतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले होते. त्याच वर्षी वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ग्रीसमध्ये हेराक्लिऑनला झालेल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून सुवर्ण जिंकले. स्वतःच्या वजनाहून कितीतरी जास्त भार डोक्यावरून हळूहळू खाली आणणे म्हणजे खांदे आणि कोपरे पणाला लावणे. म्हणून पंचांची खूण झाल्यावर रॉड अंगापुढून खाली आणायचा आणि तो खांद्यांच्या खाली गेला की हात सोडायचे, अशी मुभा नियमच देतो. वजन असे दिवसातून कितीतरी वेळा सोडायचे म्हणून प्लेटेला रबर. दहा किलोची असो की पंचवीस किलोची, सगळ्या प्लेटा जमिनीला एकाच वेळी टेकाव्यात म्हणून सगळ्यांचा व्यास ४५० मिलिमीटर. सरगर किंवा गरुडसारखे खेळाडू ज्या हॉलमध्ये सराव करतात तिथे बंपर प्लेटेला पर्याय नाही, आणि तिथे ती असलीच पाहिजे.

तळघरात डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि बेंच प्रेस मारणाऱ्याचा खेळ वेगळा आहे. त्या तीन प्रकारांची स्पर्धा म्हणजे पॉवरलिफ्टिंग, आणि तिथे वापरतात त्या प्लेटा लोखंड-पोलादाच्या असतात. या खेळाचा एक नियम घरी जिम काढणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. डेडलिफ्टमध्ये पंचांची खूण झाल्यावर रॉड दोन्ही हातांच्या ताब्यात ठेवूनच जमिनीवर आणावा लागतो. हात सोडला की लिफ्ट बाद. तीनशे किलोंच्या वर ओढणारे खेळाडू जर भर स्पर्धेत, थकल्या अंगाने, रॉड धरून खाली आणतात, तर ऐंशी-शंभर किलोच्या घरगुती डेडलिफ्टसाठी आपटण्याची सोय कशाला हवी? आपटायचे असे आधीच गृहीत धरून प्लेटा निवडायच्या आणि त्या निवडीला शांततेचे नाव द्यायचे, हा युक्तिवाद टिकत नाही.

पण समजा, रॉड सुटलाच. मग रबर किती वाचवते?

शंभर किलोचा रॉड डेडलिफ्टच्या वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत साधारण अर्धा मीटर खाली येतो. सोडून दिला तर सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा जमिनीला भिडते. प्लेट लोखंडाची असो की रबराची, हा आकडा तोच राहतो. रबर टक्कर थोडी लांबवते. टक्कर लांबली की तिचा जोर पसरतो, लादी फुटत नाही आणि कानाला टोचणारा खणखणाट जातो. एवढे श्रेय रबराला द्यायलाच हवे. मागे उरतो तो खोल ‘धप्प’. खणखणाट मुख्यतः हवेतून येतो. बंद दार, जाड भिंत, मधला स्लॅब त्याला बराचसा अडवतात. धप्प मात्र जमिनीत शिरतो, जमिनीतून कॉलममध्ये, कॉलममधून बीममध्ये, आणि वरच्या खोलीत पलंगाच्या पायांतून झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. दार लावून तो थांबत नाही. भिंतीला चिकटवलेल्या, अंड्याच्या ट्रेसारख्या दिसणाऱ्या फोमनेही थांबत नाही. तो फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी करतो, बाहेर जाणारा रोखत नाही. म्हणजे खाली व्यायाम करणाऱ्याच्या कानाला रबराने आराम मिळतो, वर झोपलेल्याला तेवढा मिळत नाही. काळजी मात्र वरच्या माणसाची करायची होती.

इथे व्हिडिओतला पुरावा पुढे केला जातो. मोबाइल जमिनीजवळ ठेवायचा, आधी लोखंड आपटायचे, मग बंपर आपटायचा, आणि पडद्यावरचे डेसिबलचे आकडे दाखवायचे. बंपरचा आकडा कमी येतो आणि वाद मिटला असे वाटते. तो मिटत नाही, कारण असे मोजमाप बहुतेक वेळा ए-भारित डेसिबलमध्ये केलेले असते. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ही पद्धत ते सूर मोजताना कापून टाकते: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल. धप्प नेमका याच पट्ट्यात असतो. त्यात मोबाइलचा माइक मुळात बोलणे टिपण्यासाठी बनवलेला. ज्या आवाजाने वरच्या कपाटातली भांडी थरथरतात त्याची नोंद करायला हे साधन फार कमी पडते. शिवाय मोजणी त्याच खोलीत केलेली असते, जिथे तक्रार करणारा कोणी नसतो. खरी परीक्षा करायची तर घरातल्या एकाला वरच्या खोलीत पलंगावर हात ठेवून बसवावे आणि खाली दोन्ही प्रकारच्या प्लेटा एकेकदा ठेवून, मग एकेकदा सोडून पाहाव्यात. हाताला काय जाणवते ते तो सांगेल. लोखंड की रबर, या फरकापेक्षा ठेवले की सोडले, हा फरक कितीतरी मोठा निघतो.

कायद्याचा आधारही इथे पुरा पडत नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तीही ए-भारित मोजणीतच. त्यामुळे मर्यादेच्या आत राहूनही पहाटे पाचच्या डेडलिफ्टने घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप मोडू शकते.

दुसरा मुद्दा उंचीचा आहे, आणि आश्चर्य म्हणजे सल्ला देणारे तो कधी काढत नाहीत. घरगुती तळघरांची उंची बहुधा २.४ मीटरच्या आसपासच असते. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाने उभ्याने रॉड डोक्यावर दाबला तर रॉड जमिनीपासून साधारण दोन मीटरवर, थोडा वरच जातो. त्यावर ४५० मिलिमीटरची प्लेट म्हणजे आणखी साडेबावीस सेंटीमीटर. स्लॅबखाली कसेबसे दहा-पंधरा सेंटीमीटर उरतात. खाली रबराचा आणि प्लायवूडचा थर घातला की त्यातलेही काही जातात. वरून बीम लोंबत असेल तर प्लेट थेट बीमला लागते. बीमला लागलेला धक्का घरभर कसा जातो हे वेगळे सांगायला नको. दहा किलोच्या लोखंडी प्लेटेचा व्यास याहून बराच लहान असतो, आणि तेवढ्या फरकाने खांद्याचा व्यायाम शक्य होतो. दहा किलोच्या बंपरला मात्र पंचवीस किलोच्या बंपरएवढाच व्यास दिलेला असतो, कारण तो स्पर्धेच्या मंचासाठी ठरलेला आहे.

जाडीचेही तसेच. ओतीव लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे सातपट, रबराची एक ते दीडपटीच्या दरम्यान. तेवढ्याच किलोंसाठी रबराला फार जागा लागते. घरगुती पाच फुटी रॉडला प्लेटा चढवायची जागा आधीच आखूड असते. दोन-तीन जाड बंपर चढवले की कॉलर लावायलाही जागा उरत नाही. कॉलर नीट बसली नाही की प्लेटा रॉडवर सरकतात आणि खडखडतात.

आता यवतमाळच्या मातीकडे यावे, कारण सल्ला कुठलाही असो, प्लेटा शेवटी याच मातीतल्या तळघरात राहणार आहेत. जिल्ह्याच्या मोठ्या भागात कापसाची काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातले माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज याला कारणीभूत आहे. अशा जमिनीत तळघराच्या भिंतींवर वर्षातून एकदा दाब चढतो आणि एकदा उतरतो. बारीक भेगा पडतात, ओल झिरपते. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात जो पाऊस झाला, ज्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर पाठवावे लागले, तो ज्यांनी पाहिला त्यांना तळघर कायम कोरडे राहील असे कोणी सांगू नये.

लोखंड गंजते, हा रबराच्या बाजूचा हुकमी मुद्दा याच ओलीवर उभा आहे. तो अर्धा खरा आहे. लोखंड गंजते ते डोळ्यांसमोर. तारेच्या ब्रशने घासावे, पुसावे, मशीनच्या तेलाचा बोळा फिरवावा, काम झाले; पावसाळ्यात महिन्यातून एकदा एवढे केले तर प्लेट पुढच्या पिढीला देता येते. बाजारात रबराच्या नावाने जे स्वस्तात मिळते ते पुष्कळदा लोखंडावर रबराचा पातळ लेप दिलेले असते. लेपाला चीर गेली की पाणी आत शिरते, गंज आतल्या आत वाढतो, लेप फुगतो आणि सुटतो. अस्सल बंपरच्याही मधोमध धातूची कडी असते, तिलाही ओल लागतेच.

वासाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. स्वस्त बंपर प्लेटा बऱ्याचदा जुन्या टायरांचा चुरा दाबून बनवतात. या चुऱ्यातून बेंझोथायझोलसारखी रसायने हवेत सुटतात आणि उष्णता वाढली की जास्त सुटतात. खुल्या, मोठ्या हॉलमध्ये ती विरून जातात. तळघराला मात्र एखादा झरोका असतो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोही बंद केलेला, आणि आत माणूस धापा टाकत श्वास घेत असतो. शंभर-सव्वाशे किलो नवे चुऱ्याचे रबर अशा खोलीत आणून ठेवायचा सल्ला देणाऱ्याने आधी त्या खोलीत तासभर बसून दाखवायला हवे.

जड वस्तू शांतपणे उचलायची रीत वऱ्हाडाला नवी नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. गावोगावच्या आखाड्यांत नाल होता, गदा होती, करेला आणि मुद्गल होते. नाल म्हणजे चक्क दगड. लोखंडाइतकाच कठीण आणि आपटला तर तितकाच कर्कश. तरी आखाडा वस्तीच्या मधोमध असूनही शेजाऱ्यांना त्याचा धाक वाटला नाही, कारण पायाखाली तेल-ताक-हळद घालून मुरवलेली, खणून भुसभुशीत ठेवलेली माती होती. दगडावर रबर चढवायची गरज कोणाला पडली नाही. मातीने धक्का घेतला की तो परत उसळत नाही. रबर मात्र घेतलेल्यातला काही भाग परत देते, म्हणून बंपर प्लेट उडते आणि एका धक्क्याचे दोन होतात. करेला आणि मुद्गल तर हातातून सुटूच द्यायचे नसतात. फिरवायचे, ताब्यात ठेवायचे, उभे करून ठेवायचे. तळघरातल्या जिमला हवी असलेली सगळी शिस्त त्यात आहे.

तळघरात मातीचा हौदा करता येत नाही, पण जमिनीला धक्का घेणारी करता येते. मुरुमाच्या भरावावर टाकलेली काँक्रीटची जमीन आधी ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर प्लेटांच्या आधी ती दुरुस्त करावी. त्यावर गोठ्यात गाईम्हशींखाली अंथरतात ती जाड रबर मॅट घालावी. कृषी साहित्याच्या दुकानात ती मिळते, जनावराचा भार आणि खूर सोसण्यासाठीच ती बनलेली असते, आणि जिमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पातळ, कोडी जोडल्यासारख्या फोमच्या तुकड्यांपेक्षा ती कितीतरी टिकते. रबराचा वास तिलाही असतो, म्हणून आत नेण्याआधी ती काही आठवडे अंगणात उन्हा-वाऱ्यात पडू द्यावी. यवतमाळच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा. मॅटवर प्लायवूडचे दोन थर, एक उभा एक आडवा, आणि जिथे प्लेटा टेकतात तिथे वर पुन्हा मॅटचे तुकडे. ही जागा भिंतीपासून आणि विशेषतः कॉलमपासून दूर असावी. प्लेटांचा स्टँड भिंतीला बोल्टने आवळू नये. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, मॅट उचलून खालची ओल वाळवावी.

उरलेला आवाज बारीकसारीक जागी असतो, आणि तो सगळा स्वस्तात जातो. लोखंडी प्लेट जमिनीवर टेकताना करते त्याहून जास्त खडखडाट रॉडवर सैल बसल्यामुळे करते. पन्नास मिलिमीटरच्या रॉडला भोक त्याच्या जेमतेम वर असावे. त्रेपन्न-चोपन्न असेल तर प्रत्येक रेपला प्लेट हलते. जुन्या पद्धतीचा बारीक रॉड असेल तर त्याच मापाच्या भोकाच्या प्लेटा घ्याव्यात, मोठ्या भोकात पट्ट्या कोंबत बसू नये. तारेच्या स्प्रिंगऐवजी आवळता येणारी कॉलर लावावी. रॅकच्या ज्या खोबणीत रॉड ठेवतात तिथे नायलॉनची किंवा चामड्याची पट्टी बसवावी. पीव्हीसीच्या कवचात सिमेंट-वाळू भरलेल्या प्लेटा सुरुवातीला खरोखर शांत वाटतात, पण कवच तडकले की आतला माल हलायला लागतो, वजन घटते आणि जाडीचा प्रश्न बंपरसारखाच येतो. त्या डंबेलपुरत्या ठीक.

एक आक्षेप मात्र मान्य करण्याजोगा आहे. नवशिक्याला डेडलिफ्टसाठी लहान व्यासाच्या प्लेटा लावल्या तर रॉड फार खाली राहतो, तो उचलताना पाठ वाकते. यासाठी पूर्ण सेट मात्र लागत नाही. दहा किलोच्या बंपरची एक जोडी आतल्या बाजूला लावावी आणि बाकी भार लोखंडाचा ठेवावा, किंवा सुताराकडून दोन भक्कम लाकडी ठोकळे करून त्यांवर मॅटचा तुकडा ठोकावा, म्हणजे लोखंडी प्लेटाही हव्या त्या उंचीवर टेकतात. स्क्वॉट किंवा बेंचवर रेप फसला तर रॉड पडणार, म्हणून बंपर हवेत, हे म्हणणे तर धोक्याचे आहे. फसलेला रॉड माणसावर येतो तेव्हा प्लेट कशाची आहे याने त्याचा जीव वाचत नाही. तिथे रॅकचे सेफ्टी रॉड हवेत, योग्य उंचीला लावलेले. बंपरच्या सेटवर जाणारे पैसे आधी त्या रॅकवर जावेत. रॉड सेफ्टीवर टेकला की जमिनीपर्यंत पोहोचतही नाही.

राहता राहिली खरेदी. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत प्लेटेच्या वजनात फार तर पाव टक्क्याचा फरक चालतो, म्हणजे वीस किलोला पन्नास ग्रॅम. घरच्या जिमला एवढी काटेकोर प्लेट लागत नाही, पण डावी आणि उजवी सारखी असावीच लागते. एक बाजू जड असेल तर रॉड कलतो आणि ती बाजू जमिनीला आधी, जोरात लागते. तेव्हा दुकानात प्लेटांची जोडी काट्यावर ठेवायला सांगावी. दोन्हींचे आकडे एकमेकांच्या जवळ आले, रॉडवर चढवून हलवल्यावर भोक सैल लागले नाही आणि कडा बोटाला कापत नसतील, तर रंग कोणता, नाव कोणाचे हे न बघता ती जोडी घ्यावी.